समुद्राकडचं रान

दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी गणपतरावच्या नदीकाठच्या मळीतले धोंडे सरत नव्हते.

सकाळी गारठा असतानाच तो आणि चिमणाबाई रानात येत. टिकावानं उकरायचं, बुट्टी भरायची, डोक्यावर घेऊन बांधाला ओतायची. पावसाळ्यात वेदगंगा आठवडाभर रानात बसून होती. जाताना वरची काळी माती खरवडून घेऊन गेली. जिथं ऊस माणूस झाकत होता, तिथं आता गोटे, वाळू आणि खालचा पिवळा मुरूम उघडा पडला होता. नदीकडची बाजू तर सगळीच ढासळून पात्रात गेलेली.

चिमणाबाईनं बुट्टी ओतली आणि कंबरेला हात लावून ती हळूहळू सरळ झाली.

"धोंडं व्यात्यात का काय ओ ह्या रानात? काल हितलंच उचललंत की."

गणपतरावनं टिकाव खाली ठेवला. त्याच्या तळहाताला फोड आला होता. जन्मभर घट्टे वागवलेल्या हाताला या वयात नवा फोड. त्यानं तो दातानं फोडला, पाणी धोतराला पुसलं आणि टिकाव परत उचलला.

तेवढ्यात बांधावरून ऋतुराज येताना दिसला. हातात चहाची किटली. दोघंही काम सोडून बघत राहिली.

ऋतुराज त्यांचा एकुलता एक. उचगावच्या पलीकडं एका फौंड्रीत कामाला होता. तिथं साचा घसरला आणि त्याच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली. करंगळी राहिली, पण ती वाकायची बंद झाली. तेव्हापासून तो घरी होता. घरी म्हणजे गोठ्याच्या पडवीत, बाजेवर, भिंतीकडं तोंड करून मोबाईल बघत. पुरात मागची भिंत बसली, गल्ली गोळा झाली, तेव्हाही तो नुसता उभा राहिला होता. रानात तर त्यानं पाय ठेवला नव्हता.

"तू कशाला आलास? अनुजा कुठाय?" चिमणाबाई म्हणाली.

"शेणी लावतीया. म्हटलं मीच जातो."

त्यानं डाव्या हातानं चहा ओतला. थोडा कपाबाहेर सांडला.

"आबा, नरसूचा फोन आलता."

नरसू म्हणजे नृसिंह, फौंड्रीतला त्याचा जोडीदार. मूळचा देवगडाकडचा.

"काय म्हणतोय?"

"त्येंचं गावाकडं घर हाय. आईबाप गेल्यापास्नं कुलूप हाय. मागं रान हाय, काजू हाय, हीर हाय. म्हणतोय, येऊन ऱ्हावा. काजूतलं निम्मं मला द्या, बाकी तुम्ही पिकवशीला ते तुमचं."

"हितलं सोडून?" चिमणाबाईनं विचारलं.

"हितं काय हाय, आई?" ऋतुराजनं मळीकडं बघितलं. मग तो भराभर बोलायला लागला. मोबाईलवर त्यानं अशी माणसं बघितली होती. शहर सोडून, नोकऱ्या सोडून एका तुकड्यावर राहतात आणि सगळं घरचं खातात. "भात आपलं, नाचणी आपली, नारळ आपला. कोंबड्या ठेवायच्या. एक म्हस न्यायची. परसात भाजी. बाजारातनं काय म्हणजे काय आणायचं न्हाय."

"आणि मीठ?"

"अगं, दारात समुद्र हाय की!"

आणि तो हसला. मोठ्यानं हसला. चिमणाबाईच्या हातातला कप तसाच राहिला. पोराचे दात तिनं किती दिवसांनी बघितले होते.

किटली घेऊन तो परत गेला. चिमणाबाई त्याच्या पाठीकडं बघत म्हणाली, "तुम्ही जाऊन बघून या. जिमिनीतलं तुम्हाला कळतंय. तुम्ही व्हय म्हटलासा तर मी येतो. न्हाय म्हटलासा तर हितंच धोंडं येचतो. माझं काय न्हाय."

निघायच्या आदल्या संध्याकाळी गणपतराव म्हशींपुढं उसाचं वाडं टाकत होता. सून अनुजा घमेलं घेऊन आत आली. शेण भरता भरता, त्याच्याकडं न बघता ती म्हणाली, "मामा, एक बोलू का?"

"बोल की."

"तुम्ही जाणार म्हटल्यापास्नं हे नीट जेवाय लागल्यात. आज सकाळी मला म्हणालं, तितं परसात तुला मोगरा लावू." ती थांबली. "रान वाईट असलं तर वाईटच म्हणा. पर तितल्या तितं तोंडावर नगा म्हणू."

"बघू," गणपतराव म्हणाला.

त्यानं उरलेलं वाडं म्हशींपुढं सरकवलं.

फोंडा घाटात गणपतरावला एसटीत उलटी झाली. आयुष्यात तो कोल्हापूर, पंढरपूर आणि निपाणी सोडून कुठं गेलेला नव्हता. वळणावळणाला पोट वर यायला लागलं. त्यानं खिडकीबाहेर तोंड काढेपर्यंत अर्धी सीटवर पडली. कंडक्टर ओरडला, "ओ पावणं, सांगायचं तर खरं! आता कोण धुणार हे?" ऋतुराजनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डाव्या हातानं सीट पुसायला लागला. गणपतराव डोळे मिटून बसला. पोरगा आपली घाण पुसतोय आणि मागचे लोक नाकाला पदर लावतायत, हे त्याला मिटल्या डोळ्यांनीही दिसत होतं.

"हुतंय आबा. सगळ्यास्नी हुतंय," ऋतुराज म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यासारखा होता, फौंड्रीच्या आधीसारखा.

खाली उतरल्यावर हवाच बदलली. अंगाला चिकटायला लागली. नरसू स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. दोघांना मागं बसवून त्यानं घरापाशी सोडलं, कुलूप काढून दिलं, झाडं दाखवली आणि रात्रपाळीला परत जायचं म्हणून निघून गेला. जाताना म्हणाला, "काय लागलं तर आक्का हाय शेजारी. माझी आत्या."

घर लाल चिऱ्याचं होतं. भिंती धड होत्या, चौकटीला मात्र वाळवी चढली होती. कौलांतून उन्हाचे कवडसे जमिनीवर पडले होते. मागं उतरण, उतरणीवर काजूची झाडं आणि खाली घळीत पाटाएवढा मऊ जमिनीचा पट्टा. त्या पट्ट्याच्या टोकाला विहीर. समोरच्या टेकडीपलीकडं समुद्र होता. दिसत नव्हता, पण त्याचा आवाज येत होता. गणपतरावला आधी वाटलं, लांब कुठं तरी मळणीचं मशीन चालू आहे.

आक्का कुंपणाशी येऊन उभी होती. सत्तरीची, बारीक, हातात कोयती. "इलास? येवा, येवा. नरसून सांगल्यान माका."

तिचं बोलणं त्यांना निम्मं कळलं. पण तिनं दिलेला भात आणि माशाचं कालवण ऋतुराजनं बोटं चाटून खाल्लं. आक्का त्याला वाढत राहिली. तिचे मुलगे मुंबईला होते. "ह्या घरात दिवो लागलो तर माकाव बरा वाटात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणपतराव उतरणीवर गेला. त्यानं मूठभर माती घेतली. लाल, भुसभुशीत. त्यानं ती मुठीत दाबली. गोळा झाला नाही. गावाकडं कुणी रान खंडानं घ्यायचं म्हटलं की त्याला नेत असत. माती मुठीत दाबून, नाकाशी नेऊन तो सांगायचा की ह्यात काय येईल आणि काय मरेल. इथं त्यानं नाकाशी नेली, परत नेली. त्याला नुसता मातीचा वास आला. त्यापुढं काही कळलं नाही. ह्या मातीत भात येत असेल, लोक पिकवत आले असतील. मग ही वाईट कशी म्हणायची? आणि चांगली तरी कशावरून? तो हात झाडून उभा राहिला आणि त्याला एकदम भीती वाटली. चिमणाबाईनं सगळं त्याच्यावर सोडलं होतं, आणि त्याला यातलं काही कळत नव्हतं.

"आबा, कसं हाय?" वरून ऋतुराजनं हाक मारली.

"बघाय लागलोय."

त्यानं टिकाव घेतला. वीतभर माती गेली आणि खालून टणकन आवाज आला. जागा बदलली. तिथंही वीतभरच. काजूच्या मुळांशी थोडी जास्त होती. फक्त घळीतल्या पट्ट्यात टिकाव आत गेला. पण तो पट्टा एवढा, की बैलजोडी वळवली असती तर शेपट्या बांधाबाहेर आल्या असत्या.

दोघांनी ठरवलं, घरामागं भाजीचे वाफे करून बघायचे. कातळ फोडून खाली माती भरायची. वरच्या टोकाला बाप आणि खालच्या टोकाला पोरगा. ऊन चढलं तसा घाम गळायला लागला. गावाकडं घाम येतो आणि वाळतो. इथं तो वाळेना. बंडी अंगाला चिकटून बसली, डोळ्यांत मिठागत झोंबायला लागलं. गणपतराव काजूच्या सावलीला टेकला आणि तिथून त्याला ऋतुराज दिसला.

काळ्या मातीत टिकाव रुततो, माती त्याला धरून ठेवते. इथं कातळ त्याला परत फेकत होता. ऋतुराजनं टिकाव मारला, ठिणगी उडाली, दांडा अर्ध्या मुठीतून सुटला आणि पातं त्याच्या नडगीला घासून गेलं. तो खाली बसला. इकडंतिकडं बघितलं. बाप दिसत नाही असं बघून त्यानं डोक्याचा रुमाल सोडला, त्याची पट्टी फाडली आणि दातात एक टोक धरून उजवा हात दांड्याला करकचून बांधला. मग उठला आणि परत मारायला लागला. प्रत्येक घावाला त्याचं तोंड वाकडं होत होतं.

गणपतराव झाडामागं सरकला. पुढं जावं, त्याच्या हातातला टिकाव काढून घ्यावा असं त्याला वाटलं. पण काय म्हणून काढून घ्यायचा? ते म्हणायचं तर शब्द एकच होता, थोटा, आणि तो त्या पोराला वर्षभर कुणी ऐकू दिला नव्हता. माती कशी का असेना, हे रान हातांचं होतं. हात पाहिजे होते. घरात एक म्हातारा, एक म्हातारी, एक सून आणि हा.

तो मुद्दाम खोकत, पाय वाजवत गेला. ऋतुराजनं चटकन पट्टी सोडून खिशात कोंबली.

"जमतंय की, आबा," तो हसत म्हणाला. नडगीवरून रक्ताचा ओघळ खाली आला होता. "थोडं हळूहळू, पर जमतंय."

"जमंल की," गणपतराव म्हणाला.

दुपारी भाकरी खाताना कौलांवर धाड धाड आवाज झाला. माकडं. बघता बघता आक्काच्या परसात उतरली. तिनं तांबडा माठ लावला होता, वालाचे वेल चढवले होते. माकडांनी माठ मुळासकट उपटला, थोडा खाल्ला, बाकीचा फेकला. आक्का डबा बडवत धावली. "मेल्यांनू, जावा! जावा!" गणपतरावनं धोंडा भिरकावला. एक थोराड माकड बांधावर बसून शेंग सोलत त्याच्याकडं बघत राहिलं. त्याला उठायची गरजही वाटली नाही.

"रोज येणत नाय," आक्का ओशाळून म्हणाली.

पण दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशीही. आक्का डबा घेऊन ओट्यावर बसलेलीच असायची.

विहिरीत पाणी होतं. पण कडेच्या चिऱ्यावर ओलीची खूण होती आणि पाणी त्या खुणेच्या बरंच खाली होतं. म्हशीला रोज केवढं पाणी लागतं हे गणपतरावला माहीत होतं. त्यानं आक्काला विचारलं, "वैशाखात काय गत, ह्या हिरीची?"

आक्का नारळाची झावळी विणत होती. ती वर न बघता म्हणाली, "असता पाणी. असता थोडा थोडा."

"म्हशीपुरतं?"

तिचे हात थांबले. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग कुलूप काढलेल्या त्या घराकडं बघितलं. अंगणात ऋतुराज खराट्यानं पाचोळा लोटत होता, कुठलं तरी गाणं गुणगुणत. "रवा हो," ती एवढंच म्हणाली, राहा म्हणून. "घर उघडा रवात."

गणपतरावनं पुढं विचारलं नाही. बाईला खोटं बोलायचं नव्हतं आणि खरंही सांगायचं नव्हतं, हे त्याला समजलं. त्याचंही तसंच झालं होतं.

निघायच्या दिवशी ऋतुराज जेवण करून काजूखाली आडवा झाला आणि झोपला. गावाकडं तो दिवसरात्र पडून असे, पण झोपत नसे. अनुजा सांगायची, डोळे उघडेच असतात. इथं तो तोंड उघडं टाकून घोरत होता. बोटं नसलेला हात छातीवर उघडा होता. घरी तो कायम खिशात किंवा चादरीखाली असायचा. गणपतराव शेजारी बसून माश्या वारत राहिला.

एसटीत बसल्यावर ऋतुराजनं विचारलं, "मग? काय वाटलं, आबा?"

गणपतराव खिडकीबाहेर बघत होता. काजू, कातळ, एक कुलूप लावलेलं घर. मग परत काजू, कातळ.

"बरं हाय," तो म्हणाला.

"बरं हाय?"

"माणसं ऱ्हात्यात की."

ऋतुराजनं समोरच्या सीटचा दांडा धरला. मग म्हणाला, "ऱ्हात्यात." आणि त्यानं हात खिशात घातला. बापाला वाटलं, तिकीट चाचपतोय.

घरी पोचल्यावर चिमणाबाईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि दारातच विचारलं, "पोटापुरतं हुईल?"

अनुजा चुलीपुढून उठून उंबऱ्यात आली होती. ऋतुराज बाजेवर बसून बुटाची लेस सोडत होता. ती गाठ त्याला सुटत नव्हती, तरी तो गाठीकडंच बघत होता.

"हुईल," गणपतराव म्हणाला. "पोटापुरतं हुईल."

"मग झालं," चिमणाबाई म्हणाली.

त्यानंतर कुणाच्या हातात काही राहिलं नाही. चिमणाबाई एकदा ठरलं की थांबणारी बाई नव्हती. पाडव्यानंतर निघायचं आणि पावसाच्या आत तिथं म्हशीसाठी कुडाचं छप्पर घालायचं, असं तिनंच ठरवलं. मळी चुलतभाऊ जोतीरामला लावून दिली. तो म्हणाला, "धोंडं मी काढतो, पर चार वरसं तरी रान माझ्याकडं पायजे. मधीच मागायचं न्हाय." गणपतरावनं मान डोलावली. थोरली म्हस मुरगूडच्या बाजारात विकली. ती दाव्याला ओढ देत मागं बघत गेली. चिमणाबाई चौकापर्यंत गेली, तिथून वळली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी धारेच्या वेळी ती घागर घेऊन रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन बसली. मग उठून धाकटीकडं, मोरीकडं गेली.

गणपतराव रोज ठरवायचा, आज सांगायचं. एकदा सकाळी त्यानं तोंड उघडलं होतं. पण चिमणाबाई बियाणाची गाठोडी बांधत होती. दोडका, भेंडी, गवार, एकेक फडक्यात वेगळं. "तितं चांगली येईल न्हवं का गवार?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "येईल." तिनं गाठ आवळली.

ऋतुराज तर सगळ्यांच्या पुढं होता. बाज मोडून बांधली, पत्रे उतरवले, डाव्या हातानं जड पोती ओढली. गल्लीतले येऊन म्हणायचे, "पोरगं सुधारलं बघ तुझं." अनुजा हसायची.

निघायच्या सकाळी टेम्पो दारात लागला. मोरीला लांबचा प्रवास, म्हणून तिला नदीवर न्हाऊ घालून आणावं असं चिमणाबाई म्हणाली. बापलेक तिला घेऊन घाटावर गेले. पाणी संथ होतं. मोरी गळ्यापर्यंत आत जाऊन बसली. गणपतराव चोथ्यानं तिची पाठ घासत होता, ऋतुराज दावं धरून काठावर उभा होता.

"आबा."

"हं."

"मला वाटलं हुतं, तुम्ही न्हाय म्हणशीला."

गणपतरावचा हात थांबला.

ऋतुराज दाव्याकडं बघत बोलत होता. "त्या कातळावर माझा हात चालत न्हाय. तुम्ही बघितलं असणार. आणि पाणी बी न्हाय तितं. आक्काची भाजी तर बघितलीसाच. मी वाट बघत हुतो, आता तुम्ही म्हणशीला, ल्येका हे आपलं काम न्हवं. मग मी म्हटलं असतं, बरं तर, ऱ्हाऊ दे."

"मग तू का बोलला न्हाईस?" गणपतरावचा आवाज फुटला. "एष्टीत मी बरं हाय म्हटलं, तवा का बोलला न्हाईस?"

"तुम्ही बरं हाय म्हटलासा. मला वाटलं, तुम्हाला आवडलं. हितं रोज धोंडं उचलताना तुमच्याकडं बघवत न्हवतं. आईची कंबर बघवत न्हवती." तो थांबला. "मी हे कोकणाचं काढलं न्हवतं तवा घरात सगळी माझ्याकडंच बघत बसायची. म्हटलं काय तरी बोलावं. जरा हसावं. मग तुम्ही सगळी हसाय लागलासा. मग मला थांबता येईना."

गणपतराव कंबरभर पाण्यात उभा होता. म्हशीच्या पाठीवरचं पाणी ओघळून त्याच्या पोटाशी येत होतं. "तुझ्यासाठीच म्हटलं की रं मी ते," तो म्हणाला. एवढं म्हणायला त्याला फार वेळ लागला.

ऋतुराजनं मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते, पण तो रडला नाही.

"आता सांगू या का आईला?" त्यानं विचारलं.

दोघांनी वर, घाटालगतच्या घराकडं बघितलं. टेम्पोत बाज, पत्रे, पाटा-वरवंटा, शेणींचं पोतं, सगळं रचून झालं होतं. जोतीराम बैल घेऊन मळीकडं निघाला होता. दारात चिमणाबाई गल्लीतल्या बायकांना कुंकू लावत होती, आणि एकेकीला सांगत होती की पोहे-तांदूळ आता तिकडूनच पाठवून देईन. अनुजा तिच्यामागं उभी होती, नवं लुगडं नेसून.

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला.

गणपतराव पाण्यातून बाहेर आला. त्यानं दावं पोराच्या हातातून घेतलं. दोघं म्हशीच्या मागून वर आले.

घाटात ह्यावेळी त्याला उलटी झाली नाही. तो टेम्पोच्या मागच्या बाजूला मोरीजवळ बसला होता. प्रत्येक वळणाला ती त्याच्यावर येऊन पडायची आणि तो खांदा लावून तिला उभी ठेवायचा. ऋतुराज दुसऱ्या बाजूनं रेटत होता. समोरासमोर असून त्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही.

ऊन कलत असताना ते पोचले. आक्कानं अंगण सारवून ठेवलं होतं. ती पुढं आली, तिनं अनुजाच्या तोंडावरून हात फिरवला आणि डोळ्यांना पदर लावला. मोरी टेम्पोतून उतरेना. फळी लावली, पेंड दाखवली, शेवटी चौघांनी ढकलली. उतरल्यावर ती चार पाय फाकून त्या लाल अंगणात उभी राहिली आणि मोठ्यानं हंबरली.

आक्कानं म्हशीसाठी म्हणून घमेल्यात पाणी आणलं. अर्धंच घमेलं. विहिरीत घागर बुडत नव्हती, आडवी करून भरावी लागत होती.

चिमणाबाईनं पदर खोचला. प्रवासानं तिचे पाय सुजले होते, पण ती बसली नाही. बियाणाच्या गाठोड्यांतलं एक तिनं काखेत घेतलं, खुरपं हातात घेतलं आणि घराला वळसा घालून मागं गेली. मागोमाग गणपतराव आणि ऋतुराज गेले. ती उतरणीच्या मध्यावर जाऊन उभी राहिली. पुढं बघितलं, मागं बघितलं. सगळीकडं कातळ आणि काजू. मग ती नवऱ्याकडं वळली.

"आणि रान कुठं हाय?"

गणपतरावनं पोराकडं बघितलं, पोरानं बापाकडं. शेवटी गणपतरावनं हात उचलला आणि ती उभी होती तिथंच दाखवला.

चिमणाबाई खाली बघत राहिली. वाकून तिनं खुरपं एकदा ओढलं. कर्रकन आवाज आला. दुसऱ्यांदा तिनं ओढलं नाही. ती तशीच वाकलेली राहिली, आणि गणपतरावला वाटलं आता ही उठेल, वळेल आणि विचारेल.

ती उठली. खुरप्याचं पातं तिनं पदराला पुसलं.

"अंधार पडायच्या आत जळण गोळा करा," ती म्हणाली. "चूल पेटवाय पायजे."